प्रत्येक बारची रुंदी वेगळी हवी असेल तर काय करायचं? (आर, एक्सेल, जे जमेल ते)

हुरडापार्टी
नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून पहिलाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

एमएस्सी अ‍ॅग्रीच्या प्रोजेक्टमध्ये एक चॅप्टर जमीनधारणेवर आहे. दहाव्या कृषी गणनेचा (२०१५-१६) देशपातळीचा तक्ता घेतलाय. पाच गट, प्रत्येकासमोर एकूण खातेदारांपैकी किती टक्के आणि सरासरी किती हेक्टर:

अत्यल्प (१ हेक्टरच्या आत): ६८.४५ टक्के, ०.३८ हेक्टर
अल्प (१ ते २): १७.६२ टक्के, १.४० हेक्टर
अर्धमध्यम (२ ते ४): ९.५५ टक्के, २.६९ हेक्टर
मध्यम (४ ते १०): ३.८० टक्के, ५.७२ हेक्टर
मोठे (१० च्या वर): ०.५७ टक्के, १७.०७ हेक्टर

आधी साधे दोन बार चार्ट केले होते, एक टक्क्यांचा आणि एक हेक्टरचा. सर म्हणाले दोन नकोत, एकातच दाखव, बारची रुंदी म्हणजे खातेदार आणि उंची म्हणजे सरासरी जमीन. ऐकायला सोपं वाटलं. आरच्या जीजीप्लॉट पॅकेजमध्ये एक्सला गट दिला, वायला हेक्टर, आणि विड्थला टक्के दिले, तर पहिला बार एवढा फुगला की बाकीचे चार त्याच्याच अंगावर चढून बसले आणि खाली लाल अक्षरात काहीतरी ओव्हरलॅपिंगची वॉर्निंग. दोन रात्री गेल्यात. कोड इथे चिकटवायला गेले तर आपला एडिटर आरमधल्या बाणाची लेस-दॅनची खूण एचटीएमएल समजून पुढचं सगळं खाऊन टाकतोय, म्हणून शब्दातच लिहिलंय. तुम्हीही शब्दातच सांगा प्लीज.

बिनपगारी
एक्सेलमध्ये करून टाका की. इन्सर्ट, चार्ट, झालं. आर बिर कशाला.

हुरडापार्टी
@बिनपगारी, आधी तिथेच केलं हो. एक्सेलमध्ये गॅप विड्थ नावाचं एकच बटण आहे, ते हलवलं की सगळे बार एकदम जाड नाहीतर एकदम बारीक. एकेकाला वेगळी रुंदी देता येत नाही.

तिरपीरेघ
हुरडाताई, वॉर्निंग बरोबरच आहे. एक्सला गटाचं नाव दिलं की जीजीप्लॉट त्या नावांना आतल्या आत १, २, ३, ४, ५ अशा जागा देतो. म्हणजे दोन गटांच्या मधोमध अंतर फक्त एकाचं. आता तू पहिल्या बारला रुंदी दिलीस ६८.४५, तो १ वर मध्य धरून दोन्ही बाजूंना ३४.२२ पसरणार, म्हणजे उणे ३३ पासून अधिक ३५ पर्यंत. बाकीच्या चौघांची घरं २ ते ५ मध्येच आहेत, ते त्याच्या पोटात जाणार नाहीतर काय.

गटाचं नाव एक्सवरून काढून टाक. एक्स हा आता आकड्यांचा अक्ष आहे, शून्य ते शंभर टक्के खातेदार. प्रत्येक बार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते तूच मोजून द्यायचं, सॉफ्टवेअर देणार नाही. संपण्याची जागा म्हणजे टक्क्यांची चालती बेरीज (कमसम फंक्शन): ६८.४५, ८६.०७, ९५.६२, ९९.४२, ९९.९९. सुरू होण्याची जागा म्हणजे त्यातून त्या त्या गटाचा टक्का वजा. मग जिऑम कॉल (बार काढणारं फंक्शन) सोडून दे आणि जिऑम रेक्ट (आयत काढणारं) वापर, त्याला एक्समिन, एक्समॅक्स, वायमिन शून्य आणि वायमॅक्स हेक्टर. चार कोपरे दिले की आयत तयार, त्यात वाद घालायला जागाच नाही.

बेरीज ९९.९९ आली म्हणून घाबरू नकोस, राउंडिंग आहे ते.

जिऑम कॉलच हवं असेल तर एक्सला बारचा मध्य दे, म्हणजे चालती बेरीज वजा त्या गटाच्या टक्क्याचा निम्मा, आणि विड्थ एईएसच्या (एक्स, वाय जिथे नेमतो तो कंस) आत टाक. चालतं. जुन्या व्हर्जनमध्ये विड्थ ओळखत नाही अशी वॉर्निंग यायची आणि तरी बार बरोबर यायचे, त्यामुळे लोक उगाच घाबरायचे.

मिरगाचापाऊस
एवढं कशाला, साधा बेस आर आहे ना. बारप्लॉट फंक्शनला विड्थ नावाचा आर्ग्युमेंट पहिल्यापासून आहे, त्याला पाच टक्क्यांचा व्हेक्टर द्या, उंचीला हेक्टर द्या, आणि स्पेस शून्य करा. स्पेस विसरलात तर तो सरासरी रुंदीच्या ०.२ पट फट प्रत्येक बारआधी सोडतो, इथे सरासरी रुंदी २० म्हणजे ४ टक्क्यांची फट, म्हणजे तुमच्या मोठ्या शेतकऱ्यांच्या सात पट रुंद नुसती हवा. आणि बारप्लॉट परत काय देतो तर बारचे मध्यबिंदू, ते एका नावात साठवून ठेवा, लेबलं टाकायला तेच लागतात. एका ओळीचं काम.

हुरडापार्टी
तिरपीरेघ ताई, _/\_ . आयत आले एकदाचे!! पण रंगांच्या यादीत क्रम गंडलाय. अत्यल्पनंतर अर्धमध्यम येतोय आणि मग अल्प. तक्ता तर मी बरोबर टाईप केला होता.

तिरपीरेघ
बाराखडीने लावलंन त्याने. त, र, ल. मजकुराचा कॉलम दिला की तो शब्दकोशासारखा क्रम लावतो, त्याला अल्प आधी की अर्धमध्यम आधी हे कसं कळणार. फॅक्टर (ठरलेल्या क्रमाचा कॉलम) कर आणि लेव्हल्स, म्हणजे गटांचा क्रम, हाताने लिही. आणि मग ओळीसुद्धा त्याच क्रमाने लाव आणि त्यानंतर कमसम कर. हे उलटं केलंस तर जास्त वाईट, कारण चालती बेरीज ओळींच्या क्रमाने धावते आणि रंगांची यादी फॅक्टरच्या क्रमाने, चित्र देखणं येतं आणि साफ चुकीचं असतं. माझं एकदा असं झालंय, मीटिंगमध्ये कुणाच्याच लक्षात आलं नाही, मला घरी येऊन कळलं.

सातबारा_उतारा
विषयाशी थोडं अवांतर पण राहवत नाही. ०.३८ हेक्टर म्हणजे ३८ आर (हा हेक्टर-आर मधला आर, तुमचा कॉम्प्युटरवाला नव्हे, हलकेच घ्या), म्हणजे साधारण साडेसदतीस गुंठे. एकराला अडीच गुंठे कमी. आणि १७.०७ म्हणजे ४२ एकर. हे कंसात टाका, गावाकडचा माणूस हेक्टरमध्ये विचार करत नाही.

दुसरं म्हणजे कृषी गणनेतला खातेदार आणि ८-अ चा (तलाठ्याकडच्या खाते उताऱ्याचा) खातेदार एक नाही. तिथे वहिती मोजतात, म्हणजे जमीन कोण कसतो, मालकी कागदावर कुणाची का असेना. तीन भावांची नावं वेगळी लागली पण शेती एकत्र असेल तर ती एक वहिती. परीक्षक कुणी रेव्हेन्यूकडचा निघाला तर पहिला प्रश्न हाच येईल, तयारी ठेवा.

हुरडापार्टी
बापरे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. चॅप्टरभर खातेदार लिहिलंय. वहितीधारक करते.

जुनापाटा
थांबा थांबा. सगळे कोडवर तुटून पडलात पण चार्टच चुकीचा काढताय असं माझं मत. शाळेत असमान वर्गांतराचा आयतालेख शिकलोय ना? गट बघा: ०-१, १-२, २-४, ४-१०. रुंदी असमान आहे ती वर्गांतराची. म्हणजे पहिल्या दोघांची रुंदी १, तिसऱ्याची २, चौथ्याची ६, आणि उंची म्हणजे टक्के भागिले रुंदी, वारंवारता घनता. ६८.४५, १७.६२, मग ४.७८, मग ०.६३. हा खरा असमान रुंदीचा बार चार्ट. रुंदीत खातेदार घालायचं खूळ कुठून आलं?

आरच्या हिस्ट फंक्शनलासुद्धा हे कळतं. असमान ब्रेक्स दिले की तो आपणहून घनतेवर जातो, आणि तुम्ही हट्टाने फ्रीक्वेन्सी मागितली तर चक्क ओरडतो की चित्रातली क्षेत्रफळं चुकलीयेत, एरिया हा शब्द कॅपिटलमध्ये लिहून. एवढं चिडलेलं सॉफ्टवेअर मी दुसरं बघितलं नाही.

तिरपीरेघ
जुनापाटा, तुमचा आयतालेख बरोबरच आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या चित्रात क्षेत्रफळ म्हणजे खातेदार. हुरडाच्या चित्रात क्षेत्रफळ म्हणजे जमीन. तिला दाखवायचंय की जमीन कुणाकडे किती आहे, मग रुंदी गुणिले उंची हा गुणाकार जमिनीचाच यायला हवा, आणि तो येतोय: माणसं गुणिले सरासरी. शिवाय तुमच्या पद्धतीत पाचव्या गटाचं काय करणार, १० च्या वर म्हणजे कुठपर्यंत? वरची हद्दच नाही, तर आयताची उजवी भिंत कुठे बांधणार? ती मनाने २० ठेवली की उंची एक, ५० ठेवली की वेगळीच.

करून बघा गंमत. ६८.४५ गुणिले ०.३८ म्हणजे २६.०. मग २४.७, २५.७, २१.७ आणि ९.७. बेरीज १०७.८, भागिले १०० म्हणजे १.०८ हेक्टर. कृषी गणनेने देशाची सरासरी धारणा म्हणून हाच आकडा दिलाय. म्हणजे पाच आयतांचं मिळून क्षेत्रफळ हेच देशाची सरासरी. चार्टवर १.०८ ला एक आडवी तुटक रेघ मार, पाचपैकी चार आयत तिच्या वर डोकं काढतात आणि तरी ६८ टक्के रुंदी खालीच राहते. मला तर एवढी रेघच सगळ्या चॅप्टरइतकी बोलकी वाटते.

जुनापाटा
हम्म. क्षेत्रफळाचा मुद्दा पटला. दहाच्या वरचं पण पटलं, आमचे मास्तर अशा वेळी शेजारच्या गटाएवढी रुंदी धरा म्हणायचे आणि आम्ही धरायचो, का ते विचारलं नाही कधी.

पोस्टातलं_पाकीट
रुंदी गुणिले उंची म्हणजे काहीतरी अर्थाचं, ही कल्पना जुनी आहे बरं का. शार्ल मिनार म्हणून फ्रेंच इंजिनियर, नेपोलियनच्या रशिया मोहिमेच्या चित्रामुळे (१८६९) सगळे ओळखतात, त्याने १८४४ मध्येच कालव्यावरच्या मालवाहतुकीचा असा तक्ता काढला होता. बारची रुंदी म्हणजे दोन ठिकाणांमधलं अंतर, उंची म्हणजे माल किती, आणि मालाच्या प्रकाराप्रमाणे बारचे तुकडे. अंतर गुणिले माल म्हणजे वाहतुकीचा खर्च, तो क्षेत्रफळात आपोआप उमटतो. हाताने काढायचा माणूस, कमसम वगैरे डोक्यातच.

आता कन्सल्टिंगवाले त्याच्या चुलत भावाला मेक्को म्हणतात, मारिमेक्को या फिनलंडच्या कापड कंपनीच्या मोठमोठ्या रंगीत छपाईसारखं दिसतं म्हणून. पण त्यात सगळे बार शंभर टक्के उंच असतात आणि आत थर. हुरडाताईंचा तो नव्हे, नाव तसं देऊ नका.

स्टाटा_लावला_दारी
माझ्याकडे ऑफिसात स्टाटा (आरसारखंच आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आहे, म्हटलं करून बघू. टू-वे बारला बारविड्थचा ऑप्शन आहे पण तो एकच आकडा घेतो, व्हेरिएबल देता येत नाही. मग पाच थर एकावर एक टाकले, प्रत्येकाला इफ लावून एकच गट आणि त्याची स्वतःची बारविड्थ, एक्सला मध्यबिंदू. पाच गट आहेत म्हणून ठीक, पन्नास असते तर लूपच लिहावा लागला असता. पायथनवाल्यांचं बरं आहे, मॅटप्लॉटलिबच्या बारला रुंदीची अख्खी यादी देता येते, फक्त अलाइन एज करायचं म्हणजे तो डावी कड धरतो, नाहीतर मध्य धरतो आणि परत तीच चढाचढी.

बिनपगारी
मी पण इरेला पेटून एक्सेलमध्ये केलं, होतंय हो! बार चार्ट नाही, एरिया चार्ट घ्यायचा आणि खालचा अक्ष डेट अ‍ॅक्सिस करायचा. प्रत्येक गटाचा वेगळा कॉलम. जिथे एक गट संपून दुसरा सुरू होतो ती तारीख दोनदा लिहायची, एकदा जुन्या गटाची उंची आणि एकदा नव्याची, म्हणजे भिंत सरळ उभी राहते, नाहीतर डोंगरासारखा उतार येतो. फक्त डेट अ‍ॅक्सिसला पूर्णांकच लागतात, ६८.४५ नंबरचा दिवस नसतो, म्हणून सगळ्याला १०० ने गुणलं: ६८४५, ८६०७, ९५६२, ९९४२, ९९९९.

झालं काय की आता खाली टक्क्यांच्या जागी तारखा दिसतायत. एक्सेलच्या मते अत्यल्पभूधारक २७ सप्टेंबर १९१८ ला संपले.

सातबारा_उतारा
=)) =)) फेरफार नोंद घेऊन टाका मग.

हुरडापार्टी
चार्ट झाला, सरांनाही दाखवला. पण शेवटचा बार बघवत नाही. ०.५७ रुंद आणि १७ उंच, उजव्या टोकाला विजेचा खांब रोवल्यासारखा दिसतो, आणि डावीकडे ०.३८ ची नुसती फरशी. मधे सगळं रिकामं. आणि खांबात 'मोठे' हा शब्दसुद्धा बसत नाही. वाय अक्ष लॉग केला तर?

मिरगाचापाऊस
लॉग करा, मस्त दिसेल. मी नेहमी करतो.

तिरपीरेघ
नको गं!! लॉग केलास की क्षेत्रफळ संपलं. ०.३८ चा लॉग तर उणे येतो, तो आयत खालच्या बाजूला लटकेल, आणि लॉगच्या अक्षावर शून्य नसतंच, मग आयताचा पाया कुठे ठेवणार? एवढा वेळ जे कमावलं ते सगळं पाण्यात. वाय शून्यापासून आणि साधाच.

आणि खांब दिसतोय तर दिसू दे की. अर्धा टक्का लोक आणि त्यांच्याकडे ९ टक्के जमीन, ते तसंच दिसणार. तुझा तक्ता सुंदर नाहीये त्याला चार्ट काय करणार. फक्त लेबल बाहेर काढ, खांबाच्या डावीकडे तूच म्हणतेस रिकामं आहे, तिथे लिही आणि बारीक रेघेने जोड. प्रत्येक आयतावर जमिनीचा टक्कापण टाक, २४, २३, २४, २०, ९. लोकांना रुंदी गुणिले उंची डोळ्याने करता येत नाही. एक आडवा बुटका आयत आणि एक उभा काटकुळा, दोघांचं क्षेत्रफळ सारखं आहे हे भलेभले ओळखत नाहीत, मीही नाही ओळखत.

जुनापाटा
याच कारणासाठी मी अजूनही म्हणतो, शेजारी शेजारी दोनच पट्ट्या काढा. एक खातेदारांची शंभर टक्के, एक जमिनीची शंभर टक्के, पाच रंग दोन्हीत तेच. कमसम नको, रेक्ट नको, आणि माझ्या सातवीतल्या नातीला पण कळेल. सर नाही म्हणाले तर गोष्ट वेगळी.

तिरपीरेघ
@जुनापाटा, खरं सांगू, माझ्या रिपोर्टात मीही तेच करीन. पण दर शेतकऱ्यामागे किती हे त्यात दिसत नाही, ते इथे उंचीत दिसतं. आणि सरांनी मागितलंय.

मिरगाचापाऊस
लॉगचा सल्ला मागे घेतो. माझे ते पॉइंट असायचे, बार नव्हे. तेव्हा चाललं.

हुरडापार्टी
अपडेट. लेबलं बाहेर काढली, १.०८ ची तुटक रेघ टाकली, एकर कंसात टाकले. सर बराच वेळ बघत बसले, म्हणाले एक्स अक्षाखाली गटाची नावं लिहून थांबू नकोस, 'वहितीधारकांचा टक्का' असं स्पष्ट लिही, नाहीतर लोक रुंदीला जमीनच समजतील. ते खरंय, माझी रूममेटसुद्धा तसंच समजली होती, जाड बार म्हणजे मोठा शेतकरी.

आता शेवटचं रडगाणं. स्क्रीनवर मराठी नीट दिसतंय पण पीडीएफ केलं की सगळे चौकोन चौकोन.

मिरगाचापाऊस
साधं पीडीएफ डिव्हाइस वापरत असणार. देवनागरीला आरमधलंच कैरो पीडीएफ डिव्हाइस वापरा. किंवा रॅग पॅकेजने पीएनजी काढा, ३०० डीपीआयला, जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर राहतात. फॉन्टचं नाव मात्र तुमच्या मशीनवर जे आहे तेच द्या. मॅटप्लॉटलिबमध्ये माझ्याकडे 'अत्यल्प' मधला त आणि य आजही पाय मोडून वेगवेगळे उभे असतात, तिथे मी मुकाट इंग्रजी लेबलं टाकतो.

हुरडापार्टी
रॅगने झालं!!! सगळ्यांचे आभार. तिरपीरेघ ताई, प्रोजेक्टच्या आभाराच्या पानावर तुमचं हेच नाव टाकलं तर चालेल का, खरं नाव माहीत नाही.

तिरपीरेघ
टाक टाक. सर विचारतील कोण म्हणून, तेव्हा मला कळव काय म्हणाले.

बिनपगारी
माझ्याकडे अजून १७ मे १९२७ ला मोठे शेतकरी संपतायत. ते तारखांचं कुठे बदलतात?

स्टाटा_लावला_दारी
अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट अ‍ॅक्सिस, सगळ्यात खाली नंबर म्हणून आहे, तिथे डेट काढून जनरल करा. डेट अ‍ॅक्सिस मात्र तसाच ठेवा, तो टेक्स्ट केलात तर भिंती परत तिरक्या होतील.